कुणाला न दाखवलेलं शहर

चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी चॅनेलवाल्यांनी आमच्या नॉरिसची खुर्ची ओढून खिडकीशी नेली, त्याचं तोंड बागेकडे केलं आणि म्हणाले, "मिस्टर टॅपली, आता बाहेर बघा. जरा भारावल्यासारखे."

"काय बघून भारावू? शेजारच्या मेव्हिसचं वाळत घातलेलं धुणं?" नॉरिस म्हणाला.

त्याची बायको ईनिड स्वैपाकघरात चहा ओतत होती. तिला हसू आलं, पण तिने ते गिळलं. आज नॉरिसचं काम व्हायचं होतं.

काम म्हणजे शहर. मागच्या काचघरात, जिथे ईनिडचे टोमॅटो असायचे, तिथे पंचवीस वर्षं चादरीखाली झाकून ठेवलेलं एक शहर होतं. ते दिवे लावून एकदा टीव्हीवर दिसावं, एवढंच नॉरिसला हवं होतं. नाहीतर चॅनेलच्या माणसाला त्याने ॲक्टनच्या या घरात पाऊल ठेवू दिलं नसतं.

आलेला पोरगा रूपर्ट नावाचा. घरात बसूनसुद्धा गळ्यात मफलर. 'नववं बंदर' या जुन्या अंतराळ मालिकेवर खास कार्यक्रम करत होता. जिवंत होती तेव्हा त्या मालिकेला यांनी सावत्र पोरासारखं वागवलं, आणि आता पोवाडे गायला निघाले.

नॉरिस तिथे देखावे बांधायचा. सहाव्या मजल्यावर बसणारे साहेब पैसे द्यायचे ते एका बोळाचे. म्हणून अख्ख्या अंतराळयानात बोळ एकच. नायक डावीकडून पळायचा, मग नॉरिस भिंतीवरचा पाइप बदलायचा, आणि त्याच बोळात राक्षस उजवीकडून पळायचे. ग्रह कुठलाही असो, खडीची खाण तीच. साहेबांना वाटायचं लोकांना कळत नाही. शेंबड्या पोरालाही कळायचं. मग यांनी मालिका फुटबॉलच्या वेळेला लावली आणि म्हणाले, कुणी बघतच नाही. नंतर टेप महाग म्हणून अर्धे भाग पुसले आणि त्यावर घोड्यांच्या शर्यती भरल्या. ते घोडे आज कुणाला आठवतात का विचारा.

शहर शेवटच्या गोष्टीसाठी होतं. गोष्टीतली माणसं इतकी वर्षं ज्या बंदराच्या शोधात हिंडली, तेच हे. भांडी घासायच्या साबणाच्या बाटल्या, दह्याचे डबे, अंड्यांचे खोके, जे मिळेल त्यातून नॉरिसने बुरूज उभे केले, आणि आतून नाताळच्या झाडाचे दिवे ओवले. चित्रीकरण तोंडावर आलं आणि वरून निरोप आला, शहरासाठी कॅमेरा मिळणार नाही. नटांना खिडकीशी उभं करा, ते बाहेर बघून म्हणतील, काय शहर आहे. झालं.

तसंच दाखवलं. वर पेपरात कुणी शहाण्याने लिहिलं, किती संयम, सगळं कल्पनेवर सोडलं. ज्या साहेबाने कॅमेरा नाकारला त्याला बढती मिळाली. कल्पना फुकटात येते ना, म्हणून यांना तिचं भारी कौतुक.

मालिका संपली की सगळं फोडून कचऱ्यात टाकायचं, अशी तिथली रीत. ठेवायला जागेचं भाडं पडतं. नॉरिसने मेव्हण्याच्या पावाच्या गाडीतून शहर पळवलं आणि टोमॅटोंच्या जागी मांडलं. ईनिड महिनाभर बोलली नाही.

तर रूपर्टने त्या दिवशी विचारलं, "पैसे कमी होते म्हणूनच तुमची कला फुलली, असं म्हणाल का?"

"पोरा, उपाशी माणूस बारीक होतो. त्याला कुणी व्यायाम म्हणत नाही."

रूपर्ट हसला, पण कॅमेरावाल्याला खूण करून त्याने ते गाळायला सांगितलं. मग म्हणाला, "शहराचं गुरुवारी घेऊ या. आज कॅमेऱ्याचे तास संपले, आणि वाढवायला वरून परवानगी नाही."

"वर अजून तीच माणसं बसतात?"

"नाही हो, ती कधीच निवृत्त झाली."

"मग खुर्च्याच तसल्या असतील."

ते गेल्यावर नॉरिस ईनिडला म्हणाला, "जा, दिवे लावून बघ. गुरुवारी एकही विझलेला नको."

"आधी टोस्ट खा. गार होतोय."

"खातो गं. तू जा."

ती गेली. सगळे लागले, बंदराच्या धक्क्याच्या टोकाचा एक सोडून. जादा दिवे कुठे ठेवलेत ते विचारायला ती परत आली, तर टोस्ट अर्धा खाल्लेला, आणि नॉरिस त्याच खुर्चीत, तोंड खिडकीकडे. मान कलली होती. तिने दोनदा विचारलं, मग तिला कळलं.

गुरुवारी रूपर्टचा फोन आला. फार वाईट वाटलं म्हणाला. "आता मिस्टर टॅपलीच नाहीत, तर शहरासाठी वेगळा दिवस काढायचा म्हणजे, वरती पटवणं जरा..."

"कळलं," ईनिड म्हणाली, आणि फोन ठेवला. नंतर फुलं आली, भलीमोठी. तेवढ्या पैशात कॅमेरा अर्धा दिवस मिळाला असता.

कार्यक्रम डिसेंबरात लागला, चहाच्या वेळेला. शेजारची मेव्हिस बिस्किटांचा डबा घेऊन आली. नॉरिस पडद्यावर खिडकीतून बघत होता आणि मागे व्हायोलिन रडत होतं. एक जड आवाज म्हणाला, त्याने उभारलेलं शहर जगाने कधी पाहिलं नाही, पण ते त्याच्या डोळ्यांत दिसतं.

"अगं, हा तर माझं धुणं बघतोय," मेव्हिस म्हणाली. "बघ, त्याच्या चष्म्यात माझा निळा गाऊन."

ईनिडने उठून टीव्ही बंद केला. "चल. कोट घाल."

बाहेर अंधारून आलं होतं. काचघरात तिने चादर ओढली आणि बटण दाबलं. मेव्हिस दारातच थांबली. तिथूनच एकेक बुरूज न्याहाळू लागली.

"तो मधला बुरूज," ती शेवटी म्हणाली, "माझे दह्याचे डबे आहेत ना गं?"

"तुझेच."

"मला म्हणाला, रोपं लावायला हवेत. लबाड मेला."

ईनिड वाकली. नॉरिसच्या लोकरी जॅकिटाच्या खिशात सापडलेला दिवा तिने कोटातून काढला आणि धक्क्याच्या टोकाला बसवला. तो लागला नाही. तिने जरा घट्ट पिळला. मग लागला.