कारणाचा रकाना

कुणी बोलू लागलं की देवश्रीताई पेनाला टोपण लावते. कुणालाही केबिनमध्ये बोलावत नाही, स्वतः उठून जाते. टेबलापलीकडे बसत नाही, खुर्ची शेजारी ओढते. रेघ मारायची तर पट्टी लावूनच. कन्नड चुकत बोलते आणि चूक दाखवणाऱ्याचे आभार मानते.

सांगलीहून म्हैसूरला आल्यावर तिने आमच्या अगरबत्तीच्या कारखान्यात एचआरचं काम घेतलं. मी तिथे खोक्यांवरचा मजकूर लिहिते.

मालक गंगाधरराव इथल्याच जुन्या मराठी घरातले. मायाळू माणूस. पॅकिंगमधल्या पावनीने रजेच्या अर्जावर 'आजी वारली' असं कारण लिहिलं, म्हणून ते समाचाराला तिच्या घरी गेले. दार आजीनेच उघडलं. कॉफीही दिली.

परत आल्यावर त्यांनी पावनीला काढून टाकायचं ठरवलं.

ताई पावनीपाशी जाऊन बसली. मुलीचा शाळेत नाच होता, एवढंच निघालं. तसं लिहिलं असतं तर सुपरवायझरने रजा दिलीच नसती. ताई तिथून उठून थेट मालकांकडे गेली.

"सर, आपण दुःख असल्याशिवाय रजा देत नाही. आणि मरण काही आठ दिवस आधी सांगता येत नाही. म्हणून लोक अचानक गायब होतात. कारण विचारूच नका. नुसती तारीख सांगू देत."

"म्हणजे सुम्ने रजा? उगीचच?" गंगाधरराव म्हणाले. "दसऱ्याच्या ऑर्डरी आहेत, बाई."

शेवटी दसऱ्यापर्यंत कारणाचा रकाना कोरा ठेवून बघायचं ठरलं. माल अडला तर पावनी जाणार. तिच्याबरोबर आपणही जाऊ, असं ताईने सांगून टाकलं.

पहिल्याच आठवड्यात अर्जांचा ढीग लागला. पावनीचा डबा तसाच परत जाऊ लागला. मग माझ्या लक्षात आलं, सगळे अर्ज पुढच्या तारखांचे होते. बोलण्यातून कळे, कुणाकडे लग्न होतं, कुणाला एच. डी. कोटे गावच्या जत्रेला जायचं होतं. बायका आपसात पाळ्या बदलून घेत होत्या. सुपरवायझरला सकाळी माणसं शोधत फिरावं लागेना.

दसऱ्याच्या आदल्या दिवशीच्या आयुधपूजेआधी शेवटचा टेम्पो भरून गेला. माल कुठेच अडला नव्हता.

गंगाधरराव पॅकिंगमध्ये आले. पावनी उठून उभी राहिली.

"आजी कशी आहे?"

"बरी आहे, सर. परत कॉफीला कधी येताय, विचारत होती."

"येतो. तोवर तिला मारू नकोस."

सगळं पॅकिंग हसलं. पावनी हसता हसता खाली बसली आणि पदराने डोळे पुसत राहिली. मला कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेता आला.

नवे अर्ज छापून यायला वेळ होता. ताईने जुन्या कोऱ्या अर्जांचा गठ्ठा पुढे ओढला आणि एकेका अर्जावरचा तो रकाना खोडायला घेतला. पट्टी लावून.

आज सकाळी तिची खुर्ची रिकामी होती. ताई रजेवर आहे, सुपरवायझर म्हणाला. मी पुढे काही विचारलं नाही. टेबलावर अर्धा गठ्ठा खोडलेला होता. उरलेल्या अर्ध्यावर पट्टी आडवी ठेवलेली होती.