साहेबांसाठी झाडलेलं खळं

सरकारी माणूस गोड बोलायला लागला की मला आधी शंका येते. त्या सकाळी त्याचा फोन मावशीला आला होता, मला नाही. तिथेच घात झाला.

अंधेरी पश्चिमेला खाडीलगत मावशीचा हा कोळीवाडा. इथल्या खळ्यावरून, म्हणजे मासळी सुकवायच्या सामाईक जागेवरून, नवा रस्ता जाणार. त्याचा लोकांच्या जगण्यावर काय परिणाम होईल, ते बघायला सरकारने नेमलेली माणसं यायची होती. मी दिंडोशीहून रस्त्याविरोधातल्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन पोचले आणि बघतच राहिले. मासळी टांगायच्या बांबूच्या वलांड्यांवर एक बोंबील नाही. जाळी, टोपल्या सगळं घरात. जमीन झाडलेली, वर रांगोळी!

"मावशी, हे काय केलंस?"

"पावणे येतात ना गो! जरा स्वच्छ ठेवा, बोलला साहेब. वासात बसवू काय त्यांना?"

साहेब सहज बोलले असतील? असतील बुवा. मला नाही पटत.

साहेब आले. चहा प्यायले, फोटो काढले, सोबतच्या बाईंना म्हणाले, "जागा वापरात दिसत नाही. मोकळी लिहा."

मावशीचा हात कपासकट थांबला. "मोकली? बापाच्या बापापासून इथं म्हावरा सुकवतो आमी!" मग गल्लीकडे तोंड करून ओरडली, "टोपल्या काढा गो बाहेर!"

बाया धावल्या. बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवून जोड्या दोरीवर टांगायला लागल्या. साहेब गाडीकडे निघाले, तर मावशी टोपली घेऊन गाडीपुढेच बसली.

"चाय पिली ना आमची? आता काम पन बघ."

"अहो, नोंद झाली आहे."

"मग खोडा," मी म्हटलं.

साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"वास पन लिही हां," मावशी म्हणाली. बाया फिदीफिदी हसल्या.

बाईंनी 'मोकळी' खोडून 'मासळी सुकवण्याची जागा' लिहिलं. मी वाचून बघितलं, फोटो काढला, मगच मावशी उठली. ती खूश. मी नाही. ऑफिसात परत कोण काय खोडेल, कुणी सांगावं?

आता साहेब येणार म्हटलं की खळ्यावर केरसुणी फिरत नाही. डोक्यावर बोंबलाचं पाणी ठिबकत असतं, तिथेच त्यांना उभं करतो. मावशीला मात्र राहवत नाही.

"चाय तरी देऊ ना गो?"

"दे की. पण आधी लिहू दे त्यांना."