टेपमधलं सूप

शेजारच्या मावशींची मुलगी माझी मैत्रीण. ती आणि मी एकाच वर्षी शाळा सोडून घरी बसलो. चौथी झाली होती. पाचवीची शाळा पलीकडच्या गावात, आणि नामांतराच्या दंगलीत आमच्या लोकांची घरं जळाली तेव्हापासून त्या वाटेनं आमच्या वस्तीतून कुणी पोरींना पाठवत नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं, पण तोंडावर कुणी आणत नव्हतं.

चार-पाच वर्षांनी परभणीहून एक बाई आल्या. शिक्षिकाच होत्या. मुली चौथीनंतर शाळा का सोडतात, याचा अभ्यास करायला त्यांना थोडंसं अनुदान मिळालं होतं. टेप उसना आणलेला, कॅसेटी मोजक्या. एका गावचं ऐकून लिहून काढायचं आणि त्याच कॅसेटीवर पुढच्या गावचं भरायचं, असं त्या म्हणाल्या.

मैत्रीण ओट्यावर सुपात ज्वारी पाखडत होती. बाईंनी टेप तिच्यापुढं ठेवला. "शाळा का सोडलीस गं?"

"तिला काय इचारायलाव बाई, मी सांगते की," मावशी म्हणाल्या. "घरी काम हाय. धाकटे लेकरं कोण बघंल?"

आमच्याकडं असंच होतं. पाहुण्यानं पोरीला विचारलं तर उत्तर आईनं द्यायचं. पोर आपण होऊन बोलली तर तिला वळण नाही म्हणायचे.

"मावशी, तिलाच बोलू द्या ना."

"तिला कुठं तोंड हाय?"

"तू तुझं मिटशील तवा तिला फुटंल!" समोरची म्हातारी म्हणाली. जमलेल्या सगळ्या हसल्या. मग बाई माझ्याकडं वळल्या, तर माझी आई बोलायला लागली.

दिवाळीच्या तोंडावर मैत्रीण काविळीनं गेली. तिचा एक फोटोसुद्धा कुणी काढलेला नव्हता. मावशींना एकच आस लागली, लेकीचा आवाज त्या टेपात असेल. गुरुजींकडून त्यांनी बाईंना निरोप धाडला. कॅसेट अजून तशीच होती. बाई टेप घेऊन आल्या.

"गेलेल्याला हाक मारू नाही गं, जीव अडकून पडतो," म्हातारी म्हणाली. मावशींनी ऐकलं नाही.

टेप सुरू झाला. बाईंचा प्रश्न आला. मग मावशींचा आवाज, मोठा, हसरा. पुन्हा प्रश्न, पुन्हा मावशीच. मागं सूप वाजत होतं. बाईंनी काही विचारलं की सूप थांबायचं. मावशी बोलायला लागल्या की परत चालू व्हायचं. दर वेळी. मैत्रिणीचा शब्द एकही नव्हता.

मावशींनी टेप जवळ ओढला.

"बाई, माझं बोलणं पुसून तेवढं सूप ठिवता येतंय का?"

"नाही हो मावशी. एकात एक मिसळलंय ते. पण कॅसेट तुमच्याजवळ राहू द्या."

"नगं. न्या तुमी. मला माझंच तोंड ऐकू येईल."

बाई कॅसेट घेऊन गेल्या.

आता मावशीही नाहीत. मी पाखडायला बसले आणि कुणी काही विचारलं, की अजून माझा हात थांबतो. तेव्हा त्या कॅसेटीची आठवण येते. आमच्या आवाजांवर पुढच्या गावची कुणी पोर बोलली असेल. तिची आई त्या वेळी घरात नसावी, असं मला सारखं वाटतं.