कॉलिनच्या कॅरव्हॅनवरचा बर्फ

मी निघालो त्या दिवशी पप्पांनी करमाळ्याच्या स्टँडवर मला बॅग तीनदा उघडायला लावली. चोरी होईल म्हणून नाही, झालीच असेल म्हणून. पप्पा तलाठी. उभं आयुष्य पंचनाम्यात गेलं, त्यामुळे समोर गारा पडल्या तरी त्यांना आधी शंका येते की या खऱ्या पडल्या का. एसटी सुटताना आई डोळे पुसत होती आणि पप्पा खिडकीतून आत वाकून सांगत होते, "कोणी फार गोड बोललं की समजायचं, काम आहे. आणि दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायच्या आधी फोटो काढून ठेवायचा."

इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये सगळेच गोड बोलतात. बसवाला 'लव्हली' म्हणतो, कचऱ्याचे बिन्स उचलणारा 'लव्हली' म्हणतो. संशयाने मी अर्धा झालो. आपल्याकडे हेडसर "बाहेर हो" म्हणायचे तेव्हा बाहेरच व्हायचं असायचं. इथे याआधी दोन खोल्या मी सोडल्या, दोन्ही वेळा मला इतक्या मऊ आवाजात काढलं की मी थँक्यू म्हणून आलो.

आताचा घरमालक कॉलिन. सत्तरीचा, एकटा. तो खाली, मी वरच्या खोलीत. माझं ॲग्रीमेंट महिनाअखेरीस संपणार होतं आणि तो त्याबद्दल अक्षर काढत नव्हता. जानेवारीत तो मुलीकडे गेला, मागोमाग बर्फ पडला, आणि मेसेज आला: कॅरव्हॅनवरचा स्नो काढशील का? नो रश, ओन्ली इफ यू हॅव अ मिनिट.

घरासमोरच्या ड्राइव्हवेवरची ती कॅरव्हॅन, गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, म्हणजे कॉलिनचा जीव. थंडीत तिला राखाडी कव्हर घालतो, जसं काय तिला सर्दी होईल. मी लगेच ओळखलं, डाव आहे. मी काहीतरी मोडणार, तो हळहळणार, आणि मी तिसऱ्यांदा थँक्यू म्हणणार.

मेसेजच्या खाली सूचना होत्या. फावडं नको. गरम पाणी नको. वर चढू नको. शिडीवरून मऊ ब्रशने थोडा थोडा बाजूला ढकल, खाली ओढू नकोस. शेवटचा पातळ थर राहू दे. एवढं लिहिलंय म्हणजे नंतर दाखवायला, दुसरं काय.

मग मीही रीतसर पंचनामा केला. चारही बाजूंचे फोटो, प्रत्येक शिवण जवळून. पंच म्हणून शेजारच्या वीणाताईंना बोलावलं. त्या नागपूरच्या, इथे हॉस्पिटलात नर्स आहेत. गाऊनवर कोट चढवून आल्या.

"काऊन रे, हे काय चाललं?"

"ताई, कॅमेऱ्यात बघून फक्त म्हणा, कव्हर शाबूत आहे."

"मला दोनची शिफ्ट आहे बाप्पा. तुझा पंचनामा होईस्तोवर बर्फ पाणी होऊन जाईल." पण म्हणाल्या. ठणठणीत आवाजात.

तासभर मी झोपलेल्या बाळावरून पांघरूण सारावं तसा बर्फ ढकलत होतो. शेवटच्या कोपऱ्यात हात भरून आले, वैतागलो, आणि ओढलं. टर्र. कव्हर बोटभर फाटलं.

आता गंमत बघा. मला वाचवायला गोळा केलेला सगळा पुरावा माझ्यावरच उलटला होता. सकाळी शाबूत, दुपारी फाटलेलं, मध्ये फक्त मी. गावाकडे मी असलं सगळं मांजरावर ढकलायचो. इथे शिडीच्या पायरीवर बसून कॉलिनच्याच नाकातल्या आवाजात प्रॅक्टिस केली: "ओह डिअर, मस्ट हॅव बीन द विंड." इतकं हुबेहूब, इतकं गोड निघालं की माझीच मला भीती वाटली. सहा महिने मी ज्या आवाजाला घाबरत होतो, त्या आवाजात खोटं बोलणारा पहिला माणूस मीच होतो.

फाटलेल्या जागेचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, मी ओढलं.

दोन तास काही नाही. मी मनातल्या मनात बॅग भरली. मग कॉलिनचा फोन.

"विच साइड?"

"दाराकडची."

"किचनमध्ये दुसऱ्या ड्रॉवरला टेप आहे. आधी कोरडं पुसून घे, नाहीतर चिकटणार नाही." त्याच्या इंग्रजीतही ते असंच साधं होतं. तो फोन ठेवायला लागला, तेव्हा मी विचारूनच टाकलं, माझ्या ॲग्रीमेंटचं काय?

"त्याचं काय?" तो खरंच गोंधळला. "तू कुठे चाललायस का?"

टेप वाकडीच लागली. कॉलिन आला, तिची सुटलेली कड अंगठ्याने दाबली आणि चहा टाकायला आत गेला.

परवा ऑफिसमधून येताना, राउंडअबाउटला वळताना मनात आलं, चला, पोचलो घरी. घरी म्हटलं तर करमाळ्याचं अंगण यायला पाहिजे होतं, आई यायला पाहिजे होती. आली ती वरची खोली. पप्पा, मी कोणाला बोललो नाहीये, पण तेव्हापासून सगळ्यात जास्त संशय मला माझाच येतो.