एका वेळी एकच

आमच्या बाभुळगावची एक ताई कॅन्सरची दोन नवी औषधं जोडीनं पेशंटले पहिल्यांदा देताना डोस कसा वाढवाचा, याचं गणित बसवते. चहातही आधी अद्रक वाढवून घोट घेते, मंग साखर. मी चष्मा नाकावर आणून तिची नक्कल करतो, "एका वेळी एकच, बाबू!" सारी गल्ली हासते.

परवा तिचा पुण्याचा साहेब फोनवर घाई करून राह्यला होता, दोन्ही डोस संगंच वाढवा म्हणे. ताई वऱ्हाडीतच कडाडली, "पेशंटले तरास झाला तं कोणत्या औषधानं झाला, कसं समजन सर? मी सही नाही करत!"

दुसऱ्या दिवशी काका कपाशीवर फवाराले पंपात दोन औषधं संगंच ओतत होता. मी तिच्याच आवाजात कडाडलो, "एका वेळी एकच!" काका हासला नाही. "ताई म्हणते असं?" इचारत त्यानं दुसऱ्या शिशीचं झाकण लावलं.