सातवं कवेलू

होळी होऊन आठ दिवस झाले होते. नागपुरात मैत्रिणीच्या नातीचं बारसं होतं, हातात लाडू होता आणि भाच्याचा, निलेशचा फोन आला. "आत्या, आई गेली. कुंड्यायले पाणी देऊन राह्यली होती. पायरीवर बसली, अन्... उठलीच नाई." मिळेल ती बस धरून यवतमाळला पोचले तोवर दुपार टळली होती. कुमुदवहिनी माझ्या मोठ्या भावाची बायको. भाऊ गेल्यावर खालच्या घरात आम्ही दोघीच, वरच्या मजल्यावर निलेश आणि त्याची बायको. शेजाऱ्यांनी मायेनं आंगण झाडून सपाट केलं होतं, मंडप टाकला होता, आणि भिंतीशी सात कवेलू, म्हणजे छपराची जुनी कौलं, एकावर एक नीट रचून ठेवली होती. ती रास दिसली आणि मला हंबरडा फुटला. लोकांना वाटलं, वहिनींसाठी. होताच तो त्यांच्यासाठी, पण अर्धा त्या कवेलूंसाठी होता.

ते कळायला माझी चूक सांगावी लागेल. कळंबच्या शाळेत जन्मभर मास्तरकी करून मी निवृत्त झाले आणि भावाकडे राहायला आले, ती घराला शिस्त लावायच्या तयारीनंच. त्या हिवाळ्यात वहिनी माहेरी, नेरला गेल्या होत्या. आंगणाच्या कोपऱ्यात दोन हात जागा उघडी पडलेली. मी म्हटलं, हा शुद्ध आळस. खणली, कांद्यासारखे गड्डे निघाले ते घंटागाडीत टाकले आणि सांबार पेरला. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबारच म्हणतात. वहिनी परतल्या, वाफ्याशी बराच वेळ उभ्या राहिल्या. "मालूताई, इथं मे फ्लॉवर होता. हिवाळाभर झोपते तो. झोपला होता, मेला नोता." एवढंच! रागावल्या असत्या तर मी भांडले असते, भांडणात मी हरत नाही. पण त्यांनी तोच सांबार पुढं वरणात घातला आणि "गोड आहे" म्हणाल्या. तो घास मला गिळवेना. तरी माफी काही मी मागितली नाही. मास्तरणींना ती सवय नसते.

पुढच्या खेपेला त्या माहेरच्या पडक्या गोठ्याची सात कवेलू मांडीवर घेऊन एसटीतून आल्या. कंडक्टर म्हणे, "बाई, कवेलूचं तिकीट फाडू का?" तेव्हापासून जमिनीत निजणाऱ्या प्रत्येक झाडाच्या उशाशी एक कवेलू उभं रोवलेलं असे. संध्याकाळी चहाचा कप घेऊन त्यांची फेरी चालायची. आभाळाकडे त्या फार पाहत नसत, मातीकडे पाहत. श्रावणात कळलावी कुंपणावर चढायची, दिवाळीनंतर हळदीची पानं पिवळी पडून लोळायची, आणि मग एकेक करून सगळं नाहीसं व्हायचं. एका उन्हाळ्यात मला दया आली, मी कवेलूपाशी बादली ओतायला गेले. "झोपलेल्याले पाणी कायले पाजता? उठलं की मागीनच ते." त्यानंतर तिसऱ्या मे महिन्यात त्या कोपऱ्यातून लालभडक चेंडू वर आला. वहिनींनी मला हाताला धरून नेलं. "पाहा, तुमच्या हातून एक सुटला होता!" आणि मनापासून हसल्या. मी तेव्हाही गप्पच राहिले... ते आता फार सलतं.

तेरवी झाल्यावर निलेश म्हणाला, "आत्या, आंगण तं पूर्ण खाली आहे. सिमेंटचे गट्टू बसवून टाकू. गाडी आत येईन." पोरगा वाईट नाही, त्याला खरंच काही दिसत नव्हतं. दिसत मलाही नव्हतं. मी म्हटलं, "एक पावसाळा जाऊ दे."

"काहून?"

"तुह्या आईनं कोणाले कुठं निजवलं, मले मालूम नाई म्हणून."

गट्टूवाल्याला त्यानं नको म्हणून सांगितलं. एप्रिलात उघड्या मातीतून भुईचाफा फुलला, एक पान नसताना. मी पहिलं कवेलू रोवलं. मंडपाच्या खांबाचा खड्डा होता त्याला अगदी खेटून सुरण वर आला. अवकाळी पावसानंतर लिली आली, मग हळद. मे फ्लॉवर उमलला त्या सकाळी मी कोपऱ्यात बसले आणि "वहिनी, चुकलं माझं" असं मोठ्यानं म्हटलं. ऐकायला कोणी नव्हतं, तरी म्हटलं. कळलावीची जागा कुंपणाच्या तारेवरून ओळखू येते, तिथं सहावं रोवून ठेवलं आहे. सातव्याचं मात्र काही कळत नाही. काय होतं, कुठं होतं, वहिनींनी कधी सांगितलं नाही, मीही कधी विचारलं नाही. ते कवेलू मी पायरीवर ठेवलं आहे, त्या बसल्या होत्या तिथंच.

गाडी बाहेरच उभी असते. परवा पार्सलवाला फाटकातून सरळ आंगणात शिरला, तर मी उठायच्या आत निलेशच वरून ओरडला, "ओ भाऊ, भिंतीकडून या! तिथं कोणीतरी झोपलं आहे!"