हलगीला जाळ लागतो

माझा बाप हलगी वाजवायचा. लग्नात, बैलांच्या मिरवणुकीत, कुस्तीच्या मैदानात. दमून खाली बसलेला पैलवान हलगी कडकडली की मांडी थोपटत उठायचा, मी डोळ्यांनी बघितलंय. बाप म्हणायचा, हलगी अंगात नसलेलं काही घालत नाही, आत असतं तेच उठवते. मलाही त्यानंच शिकवलं. पोरीच्या जातीला कशाला म्हणून कुणी बोललं तर म्हणायचा, "हलगीला काय कळतंय कोण बडवतंय ते?"

शाळा नववीत सुटली, हलगी सुटली नाही. लग्न होऊन जर्मनीत लुडविग्सहाफेनला आले तेव्हा पापडांच्या पिशव्यांमध्ये घालून आणली. पण इथं दुपारी वाजवायचं नाही, रविवारी नाही, रात्री तर नाहीच. आमचे हे केमिकलच्या कंपनीत इंजिनिअर, नियमाला पक्के. मग हलगी कपाटावर गेली आणि मी टेबलावर बोटं वाजवत राहिले. पोरगी झाली, तीही तेच शिकली.

घरात तिचं तोंड बंद नसतं. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. पण किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत, एक शब्द नाही. बाई ह्यांना म्हणाल्या, दिवसभर टेबल वाजवते, बोलत काहीच नाही, ख्रिसमसपर्यंत बघू, नाहीतर डॉक्टरांना दाखवावं लागेल. माझं भ्यालेपण तिच्यात उतरलं म्हणायचं, दुसरं काय? मी तरी कुठं बोलते, बेकरीत बोट दाखवून पाव घेते.

मग बाईच म्हणाल्या, नोव्हेंबरात मुलांची कंदिलांची मिरवणूक आहे, शेवटी मैदानात मोठा जाळ करतात, तिथं आईनं काहीतरी वाजवावं, पोरीला बरं वाटेल. ह्यांनी मला न विचारता "या, या, गेनाऊ!", म्हणजे हो, हो, अगदी, म्हणून होकार देऊन टाकला.

हलगी खाली काढली तर चामडं सादळलेलं. टिपरू मारलं तर नुसतं धप्प. हलगी शेकल्याशिवाय बोलत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. आधी हीटरवर ठेवली, काही फरक नाही. मग काय, गॅलरीत जुन्या कढईत रद्दी पेटवली. मस्त जाळ झाला, चामडं ताणायला लागलं, तेवढ्यात खालच्या मजल्यावरची आजी "फॉयर! फॉयर!" ओरडायला लागली आणि बघता बघता आगीचा बंब दारात! एक मिशाळ माणूस हेल्मेट घालून वर आला. मी हलगी छातीशी धरून उभी, पोरगी माझ्या मागं. त्यानं कढईत पाणी ओतलं, बोट हलवून खूप काही बोलला आणि गेला.

संध्याकाळी हे म्हणाले, "अगं, गॅलरीत होळी पेटवलीस?"

"अहो, हलगी शेकत होते."

"न शेकता वाजवली तर काय बिघडतं?"

"तुम्ही कच्ची भाकरी खाता का?"

मिरवणुकीच्या दिवशी ह्यांना कामावरून सुटायला उशीर झाला. मी आणि पोरगी दोघीच गेलो. हवा ओली, गार. मुलं गाणी म्हणत मैदानात आली, मोठा जाळ पेटला, बाईंनी मला खूण केली. मी टिपरू मारलं. धप्प. परत मारलं. धप्प. सगळे माझ्याकडं बघायला लागले. जाळ समोरच होता, पण मध्ये दोरी, आणि दोरीपाशी कोण उभा? तोच मिशाळ! जर्मनचा एक शब्द आठवेना.

पोरीनं हलगीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, माझा कोट सोडला आणि पळत दोरीपाशी गेली. खणखणीत जर्मनमध्ये त्याला म्हणाली, "माझ्या आईचा ढोल गारठलाय. त्याला शेकायचंय. शेकल्याशिवाय तो बोलत नाही."

बाई माझ्या शेजारीच होत्या. त्यांनी तोंडावर हातच ठेवला. मिशाळानं मला बघितलं, ओळखलं आणि असा हसला की हेल्मेट हललं. "आख सो!", म्हणजे असं होय, म्हणाला आणि दोरी वर धरली.

मी वाकून आत गेले. हलगी जाळासमोर धरून फिरवली, बोटानं टिचकी मारली, आवाज टणक आला. मग जी वाजवली! भीती कुठं गेली कळलं नाही. मुलं कंदील नाचवायला लागली. मिरवणूक बघायला आलेली आमच्या खालची आजी हातातला ब्रेत्सेलचा पाव खायची विसरून पाय आपटत होती. आणि माझी पोरगी एकेकाला पकडून सांगत होती, ती माझी आई, ती माझी आई.

परवा बाईंनी ह्यांना परत थांबवलं. म्हणाल्या, दुपारी मुलांना झोपवायच्या वेळी ही सगळ्यांना गोष्टी सांगत बसते, कुणाला झोपू देत नाही, घरी जरा समजावा.

मी काही समजावणार नाही.